फोंड्यातला घाटी आणि उद्यमबागेतला बिहारी

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला अडवले आणि विचारले, "तुमच्या फौंड्रीत सगळी बिहार-ओडिशाची पोरं भरलीत, मग आमच्या पोरांनी करायचं काय?" मी बावीस वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हजेरी आणि पगाराचे हिशेब लिहितो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्यांचा स्वतःचा धाकटा मुलगा गोव्यात फोंड्याला बेकरीत कामाला आहे आणि तिथल्या काही लोकांच्या लेखी तोही बाहेरून येऊन मजुरी पाडणारा 'घाटी'च आहे, एवढे मात्र मी त्यांना त्या वेळी बोललो नाही.

फौंड्रीत सर्वांत नकोसे काम फेटलिंगचे. साच्यात ओतून थंड झालेल्या लोखंडी भागाच्या, म्हणजे कास्टिंगच्या, कडा ग्राइंडरवर घासायच्या, दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ अंगावर घ्यायची आणि संध्याकाळी नाक शिंकरले की रुमाल काळा. आमच्याकडे हे काम आज जवळजवळ पूर्णपणे बाहेरची माणसे करतात, आणि जवळच्या मच्छे-पिरनवाडीची, आयटीआय झालेली मुले सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर किंवा तपासणीला असतात. 2020 च्या मे महिन्यात बाहेरचे मजूर श्रमिक रेल्वेने गावी गेले तेव्हा आमच्याकडे फेटलिंगचा दर दुप्पट झाला नाही आणि गावातले कोणी रांग लावूनही आले नाही. घासायचा माल साचत गेला आणि मशीन शॉपमधल्या आपल्याच मुलांना बसून राहावे लागले. ज्याला आपण जागा अडवणारा म्हणत होतो, त्याच्या कामावर आपल्या मुलाची पाळी अवलंबून होती, हे मला त्या दोन महिन्यांच्या हजेरीपटाने शिकवले.

बाहेरची माणसे आली की मजुरी पडते का, हा वाद अर्थशास्त्रात जुना आहे. 1980 मध्ये क्युबातून सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेत आली आणि मायामी शहरातले मनुष्यबळ काही महिन्यांत जवळपास 7 टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये दाखवले की तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या मजुरीवर याचा फारसा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून, शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या पुरुषांची मजुरी 10 ते 30 टक्के घसरल्याचे मांडले. त्यावर, पाहणीत अशी माणसे फारच थोडी होती, असा आक्षेप इतरांनी घेतला. मला या भांडणातून एवढेच घ्यावेसे वाटते की 'कामगार' असा एक गट नसतो. मशीनवरच्या मुलाचा फायदा होत असेल तेव्हाच, वाळू चाळणाऱ्या बाईचा किंवा दहा वर्षांपूर्वी आलेल्या जुन्या बिहारी मजुराचा तोटा होऊ शकतो, कारण नवा आलेला माणूस नेमके त्यांचेच काम करतो.

आणि तो कमी पैशात का करतो? भूक हे उत्तर अर्धवट आहे. ठेकेदाराने गावातच आगाऊ रक्कम दिलेली असते, राहायची खोली त्याची असते आणि पगारही त्याच्या हातून येतो. शेजारच्या कारखान्यात जास्त मिळते हे कळूनसुद्धा अशा माणसाला उठून जाता येत नाही, आणि ज्याला जाता येत नाही त्याच्या दरावरून मालक साऱ्या शेडचा दर ठरवू शकतो. अथणी-रायबागकडे ऊसतोडीला येणाऱ्या जोडप्यांची उचल आणि मुकादम हे गणित याहून वेगळे नाही. म्हणून दर पडल्याचा राग मजुरावर काढणे मला चुकीचे वाटते. तो राग ठेक्यावर निघायला हवा. हे मी ठेकेदाराचीच बिले पास करून पगार घेत लिहितो आहे, हेही मान्य करतो.

सरकारी तिजोरीवर भार पडतो, हा दुसरा आरोप. जीएसटी हा जिथे वस्तू खपते तिथला कर आहे. ओडिशाचा मुलगा इथल्या दुकानातून साबण किंवा चप्पल घेतो तेव्हा त्यावरच्या करातला राज्याचा वाटा कर्नाटकाला मिळतो, आणि तो गावी पाठवतो त्या पैशांच्या खरेदीवरचा कर ओडिशाला. त्याला वाढवण्या-शिकवण्याचा खर्चही ओडिशानेच केलेला असतो. अडचण मोजणीत आहे. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतले राज्यांचे वाटे ठरवताना 2011 ची लोकसंख्या धरली; त्यानंतर आलेला माणूस इथले पाणी पितो, त्याचे मूल इथल्या शाळेत बसते, पण त्या हिशेबात तो इथला नाही. नळाला पाणी कमी आले की लोक त्याच्याकडे बोट दाखवतात ते त्यामुळे.

जुलै 2024 मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिकांसाठी व्यवस्थापनात 50 आणि इतर जागांवर 70 टक्के राखीव ठेवणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योजकांच्या विरोधानंतर लगेच थांबवले. आपल्या इथल्या मराठी माणसांतल्या काहींना ते आवडले होते. त्यात 'स्थानिक' म्हणजे जन्म किंवा पंधरा वर्षांचे वास्तव्य, आणि शिवाय कन्नड लिहिता-वाचता येणे. शाळेत कन्नड विषय नसेल तर परीक्षा. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या जुन्या पिढीतले किती जण त्या चाळणीतून खाली पडले असते, याचा विचार टाळ्या वाजवण्यापूर्वी करायला हवा होता.

परवा ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला एक मुलगा काम सोडून निघाला. तीन वर्षे त्याच्या पगारातून 12 टक्के भविष्य निर्वाह निधी कापला गेला होता, पण ठेकेदाराने भरती करताना नाव एका अक्षराने चुकवलेले, आधारशी जुळेना. दुरुस्तीचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा भरून मी त्याच्याकडून सही घेतली, आणि संध्याकाळी तो पैसे न घेताच गाडीत बसला.