आइसलँडच्या बायका वशिल्याने खेळत नाहीत

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय की आइसलँडची महिला हँडबॉल टीम वाइल्डकार्डच्या (म्हणजे पात्र न ठरताही मिळालेल्या आयत्या प्रवेशाच्या) कृपेने वर्ल्डकपला जाते, मोठ्या टीमला तिने कधी हरवलं नाही आणि तिचं नाव होतं ते पुरुषांच्या टीमच्या जिवावर. वाचून खरंच राग आला.

वाइल्डकार्ड 2023 ला मिळालं हे खरंय, पात्रतेत हंगेरीकडून हरल्या होत्या. पण 2011 चा वर्ल्डकप, 2024 चा युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा), 2025 चा वर्ल्डकप हे सगळं पात्रता खेळून मिळवलंय, त्याबद्दल पोस्टमध्ये एक अक्षर नाही. आणि त्या 2023 मध्ये तरी काय झालं ते बघा ना, ग्रुपमध्ये फ्रान्स (जे नंतर चॅम्पियन झाले), स्लोव्हेनिया आणि अंगोला, अंगोलाविरुद्ध शेवटची मॅच जिंकली असती तर थेट पुढे, पण झाली 26-26 बरोबरी, दोघींचा एकेक पॉइंट आणि गोलफरकावर या बाहेर! एवढं जिव्हारी लागल्यावर कुणीही ढेपाळलं असतं, या मात्र 25व्या नंबरसाठीच्या प्रेसिडेंट्स कपमध्ये चारही मॅच जिंकल्या, फायनलला काँगोला 30-28 हरवलं.

मोठ्या टीमला हरवलं नाही म्हणे. 2011 ला ब्राझीलमध्ये, आयुष्यातल्या पहिल्याच वर्ल्डकपमध्ये, मॉन्टेनेग्रोला 22-21 आणि जर्मनीला 26-20 हरवलं. याच मॉन्टेनेग्रोने पुढच्या वर्षी ऑलिंपिकचं सिल्व्हर आणि युरोचं गोल्ड घेतलं. आइसलँड त्या वर्ल्डकपला 12वी आली.

राहिला पुरुषांचा मुद्दा. त्यांचं 2008 चं बीजिंग ऑलिंपिकचं सिल्व्हर मोठंच आहे, आणि बायकांकडे तसं मेडल नाही, युरोतली पहिली मॅचसुद्धा 2024 ला जिंकल्या, युक्रेनविरुद्ध 27-24. पण अहो, अख्ख्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत, आपल्या कोल्हापूर शहरात याहून जास्त माणसं राहतात, त्यांच्या टॉप महिला लीगमध्ये टीम फक्त आठ, आणि मायदेशातच खेळणाऱ्या बऱ्याच जणी नोकरी नाहीतर कॉलेज सांभाळून ट्रेनिंगला येतात. त्याच लीगमधल्या रेक्याविकच्या वालुर क्लबच्या मुलींनी मे 2025 मध्ये स्पेनच्या पोरिन्यो क्लबला हरवून क्लबांचा युरोपियन कप जिंकला, आइसलँडच्या कुठल्याही महिला क्लबने जिंकलेला पहिला युरोपियन कप आहे तो. तो काय पुरुषांनी जिंकून दिला का?