पगार मिळतो त्यांचे आभार कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आयजेम या जागतिक विद्यार्थी स्पर्धेसाठी सिंथेटिक बायोलॉजीचा, म्हणजे जनुकं जोडून जिवाणूकडून नवं काम करून घेण्याचा, एक प्रकल्प केला : पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारा जिवाणू. त्याला ज्यांनी हात दिला, त्यांचे आभार मानणारा लेख मी मागच्या आठवड्यात लिहिला. त्यावर 'परखड' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिचं म्हणणं असं : निम्म्याहून जास्त लेख आभारांतच गेला. मुलांनी नेमकं काय केलं ते त्यात हरवलं. आलेखात मोजकेच बिंदू आहेत आणि फ्लोराइड न घातलेला नमुना दिसत नाही. एवढ्या पैशात गावाला फिल्टर बसला असता. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं : "ज्यांना या कामाचा पगार मिळतो त्यांचे आभार कशाला? ही निव्वळ हांजीहांजी आहे."

परखड, नमस्कार. लेख शेवटपर्यंत वाचलात याबद्दल आभार, आणि हे मनापासून म्हणते आहे. यादी लांबली, हे मान्य. प्रायोजकांची नावं एका ओळीत आटोपता आली असती.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडणार नाही. हांजीहांजी कोणाची करतात? ज्याच्या हातात आपलं काही अडकलेलं असतं त्याची. आमच्या यादीतलं पहिलं नाव ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबमधला निर्जंतुक करणारा मोठा कुकर, सांभाळणाऱ्या मामांचं आहे. प्राचार्यांचं नाव बरंच खाली आहे. तुम्ही यादी वाचली असती तर हा शब्द तुमच्या हातून लिहिला गेला नसता. न वाचताच लिहिला असेल, तर त्याला परखडपणा म्हणत नाहीत.

आता पगाराबद्दल. मामांची ड्यूटी साडेपाचला संपते. मीडिया, म्हणजे जिवाणू वाढवायचं खाद्य, १२१ अंशांवर, पंधरा पौंड दाबाखाली निर्जंतुक व्हायला पंधरा मिनिटं लागतात खरी, पण कुकर तापायला आणि दाब उतरायला लागणारा वेळ त्याहून कितीतरी जास्त असतो. मुलांची प्रॅक्टिकल्स संपून ती लॅबमध्ये यायची तेव्हा मामांची निघायची वेळ झालेली असायची. स्पर्धेच्या मुदती ऑक्टोबरच्या आसपास येतात, म्हणजे खरं काम नेमकं गणपती ते दसरा या दिवसांत. गौरी जेवणाच्या दिवशी संध्याकाळी मामा लॅब उघडायला आले होते, कारण ट्रान्सफॉर्मेशनच्या, म्हणजे नवा डीएनए घातलेल्या जिवाणूंच्या, प्लेटा दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबल्या नसत्या. याचा पगार कोणत्या रकान्यात मिळतो ते मला सांगा.

आणि ज्या मॅडमनी मुलांना प्रायमर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे, डिझाइन करायला शिकवलं, जेलवरचे डीएनएचे पट्टे वाचायला शिकवलं, त्या सीएचबीवर आहेत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे मिळतात, आणि तेही कधी हातात पडतील याचा भरवसा नसतो, हे महाराष्ट्रात कॉलेजच्या वाऱ्याला उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना काही मिळत नाही. आमच्या प्रकल्पाची पायाभरणी नेमकी उन्हाळ्यात झाली. त्या बाईंना 'या कामाचा पगार मिळतो' असं तुम्ही म्हणता, तेव्हा तुमचा आविर्भाव फार खात्रीचा असतो, पण माहिती शून्य असते.

समजा सगळ्यांना भरपूर पगार मिळत असता, तरीही ही यादी मी लिहिलीच असती. आयजेम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. २००३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये एक छोटा हिवाळी अभ्यासक्रम म्हणून हे सुरू झालं, २००४ मध्ये त्याची पाच संघांची स्पर्धा झाली, आणि आज जगभरातले शेकडो संघ त्यात असतात. २०२२ पासून अंतिम मेळावा पॅरिसला भरतो. या स्पर्धेत कांस्यपदकाच्या अटींमध्येच एक अट आहे : कोणतं काम विद्यार्थ्यांनी केलं आणि कोणतं इतरांनी, हे संघाने स्पष्ट नोंदवायचं. मार्गदर्शक, यजमान प्रयोगशाळा, मदत करणारे, सगळ्यांचं. ही नोंद नसेल तर बाकी प्रयोग कितीही सुंदर असो, पदक नाही. म्हणजे तुम्ही ज्याला हांजीहांजी म्हणता, तो या क्षेत्रात प्रामाणिकपणाचा दाखला मानला जातो.

आमचंच उदाहरण घ्या. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. मुलांना ई. कोलाय जिवाणूत असा जनुकीय सर्किट बसवायचा होता की पाण्यात फ्लोराइड असेल तर तो निळा रंग दाखवेल. यातला मुख्य भाग म्हणजे फ्लोराइड ओळखणारा रायबोस्विच, आरएनएचा एक तुकडा जो फ्लोराइड चिकटलं की पुढचं जनुक वाचू देतो. तो येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने शोधला. निळ्या रंगाचं प्रथिन, अमिलसीपी, मुळात एका प्रवाळातलं. आयजेमच्या जनुकीय तुकड्यांच्या भांडारात ते २०११ मध्ये स्वीडनच्या उप्सालाच्या विद्यार्थ्यांनी आणलं. त्यात अडचण अशी, की ई. कोलायजवळ फ्लोराइड बाहेर फेकणारं स्वतःचं प्रथिन असतं, त्यामुळे साधा जिवाणू थोड्या फ्लोराइडला दादच देत नाही. त्या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेला जिवाणू हवा. असा स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, आम्हाला दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने दिला. मुलांची ओळखदेख नसताना, पैसे न घेता, अगरमध्ये टोचून, कुरिअरने.

आता हे आभार काढून टाका आणि लेख पुन्हा वाचा. वाचणारा समजेल की रायबोस्विच आमच्या मुलांनी शोधला, रंग त्यांनी आणला, स्ट्रेनही त्यांनीच घडवला. मग मुलांनी काय केलं? तुकडे जोडले, जोडणी चुकली तेव्हा पुन्हा जोडली, निळा रंग किती फ्लोराइडला दिसतो ते मोजलं. एवढंच, आणि ते बीएस्सीच्या मुलांसाठी पुष्कळ आहे. आभारांच्या यादीतून जे उरतं ते मुलांचं काम. तुम्हाला ते हरवल्यासारखं वाटलं, मला तर ते तिथेच सर्वांत स्वच्छ दिसतं.

याबद्दल मी इतकी हट्टी का, तेही सांगते. मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात एम.एस्सी. केली, लोडशेडिंगच्या काळात. माझा प्रबंध होता नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंवर, आणि ते जिवाणू जगले ते एका प्रयोगशाळा परिचरामुळे. वीज गेली की ते काका इन्क्युबेटरचं दार कोणाला उघडू द्यायचे नाहीत. उन्हाळ्यात कुठून तरी बर्फाची लादी आणून माझे नमुने जगवायचे. प्रबंधाच्या आभारपानावर मी त्यांचं नाव लिहिलं. ते पान माझ्याकडे परत आलं तेव्हा त्या नावावर लाल रेघ होती आणि समासात लिहिलं होतं : 'आवश्यकता नाही.' मला तेव्हा वाद घालता आला नाही. बांधणीतून आलेला प्रबंध काकांना दाखवायला नेला, त्यांनी आभाराचं पान काढलं, वाचलं आणि चांगला झालाय म्हणाले. तुमचं वाक्य वाचताना मला ती लाल रेघ दिसली. म्हणून हे उत्तर इतकं लांबलं, आणि म्हणूनच त्यात थोडी धारही आली असेल. ती मी काढणार नाही.

राहिलेले मुद्दे. फ्लोराइड न घातलेला नमुना होता, मुलांच्या वहीत तारखेसह आहे. लेख आभारांचा होता, शोधनिबंध नव्हता. फिल्टरचं म्हणाल तर तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करायची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कित्येक वर्षांपूर्वी दिली आहे. पण ती कोणत्या बोअरला लावायची हे आधी कळावं लागतं, आणि मुलांची धडपड त्यासाठीच होती. बोअरच्या पाण्याचे नमुने लॅबमध्ये आणून तपासले. जनुकीय बदल केलेला एकही जिवाणू गावात नेला नाही, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीने आणि नियमाने काम झालं. तुम्ही विचारलं नव्हतं, पण पुढचा प्रश्न तोच आला असता.

नमुने देणाऱ्या शेतकऱ्यांचे आभारही यादीत होते. त्यांना पगार नसतो, म्हणून त्यांच्यावर तुमचा आक्षेप नसावा.

मूळ आकडे बघायचे असतील तर जरूर सांगा, मुलं स्वतः दाखवतील. त्यांना आलेखाबद्दल हवं ते विचारा, अवघड विचारा, त्यांना आवडेल. मामा त्या वेळी शेजारच्या टेबलावर असतील, तेव्हा तो एक शब्द तेवढा तिथे काढू नका.