चोवीस सेकंदांची लढाई

गणपती बसले त्या आठवड्यात आम्हांला गॉब्लिन दिसला. तो मेला तेव्हा तुळशीचं लग्नही लागून गेलं होतं. मधल्या काळात आई रोज सकाळी चहा देताना विचारायची, "मेला का रे तो?" शेजारच्या काकूंची समजूत झाली की आमच्याकडे उंदीर झालाय. त्यांनी पिंजरा आणून दिला.

खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो काढला तो एका टेबलाभोवती बसून खेळायला. आमचं टेबल पुणे, ठाणे, डब्लिन आणि न्यू जर्सी असं पसरलेलं. न्यू जर्सीत आमचा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि शिव्या खाणारा. चौघांची वेळ काही जुळेना, म्हणून ठरलं की लेखी खेळू. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर आपलं पात्र काय करतं ते लिहायचं.

श्रावण एका दारात गेला. डीएमने लिहिलं, "समोर लाकडी दार आहे." डब्लिनच्या चोरटीने सापळा शोधला. ठाण्याच्या पॅलाडिनने, म्हणजे धर्मयोद्ध्याने, दाराला कान लावला. मी जादूगार, मी दारावर कुणाची करणी आहे का ते तपासलं. तीन आठवड्यांनी डीएमचा मेसेज आला, "अरे, दार उघडंच आहे."

आत गॉब्लिन, म्हणजे खेळातला किरकोळ, बुटका राक्षस. एकटा.

लढाईत प्रत्येकाने ठरलेल्या क्रमानेच खेळायचं असतं. वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा आला तरच वार लागतो. पहिला नंबर ठाण्याचा आणि ठाण्याच्या ऑफिसात ऑडिट. लहानपणी 'स्टॅच्यू' म्हणून मित्र घरी जेवायला निघून जायचा, तसे आम्ही सगळे शस्त्रं उगारून नऊ दिवस उभे. गॉब्लिनसुद्धा. दहाव्या दिवशी तीन परिच्छेद आले, सुरुवात "अरे अधमा!" अशी, त्यात तलवारीचं पातं, पूर्वजांचा शाप आणि मावळता सूर्य. आम्ही तळघरात होतो. खाली लिहिलं होतं, "फासा : 4."

डब्लिनची शैली वेगळी. "मारते. 11. चुकलं ना? ओके."

फासे आपापल्या घरी टाकायचे आणि आकडा कळवायचा. ठाण्याला दाराशी कान लावताना लागोपाठ तीनदा 20 पडले होते, तेव्हापासून मला त्याच्यात शकुनी दिसायला लागला. मग व्हिडिओची सक्ती झाली. डब्लिनचा फासा घरंगळत फ्रिजखाली गेला आणि व्हिडिओत फक्त तिचे मोजे आले. फ्रिजखालचा आकडा धरायचा की नाही, यावर चार दिवस. गायगॅक्सने यावर काही लिहिलेलं नाही, असं डीएमचं मत पडलं.

माझंही सांगायला हवं. माझ्याकडे झोपवायचा मंत्र होता. आठ बाजूंचे पाच फासे टाकायचे. जेवढी बेरीज, तेवढ्या हिट पॉइंट्सचे, म्हणजे तेवढा जीव उरलेले, शत्रू घोरायला लागतात. गॉब्लिनला मुळात हिट पॉइंट्स 7. पहिल्याच फेरीत विषय संपला असता. पण घरातले काचेचे कप पाहुण्यांसाठी असतात, तसा मी तो मंत्र पुढच्या मोठ्या राक्षसासाठी राखून ठेवला आणि रोजच्या वापरातल्या ठिणग्या फेकत बसलो. एकही लागली नाही. कोपऱ्यातलं गवत तेवढं पेटलं.

शेवटी एका रात्री अडीच वाजता फोन वाजला. डब्लिन, बसमधून : "मारते. 19. डॅमेज 8."

मी ओरडलो. आई उठून आली.

"मेला?"

"मेला!"

"सुटला बिचारा," म्हणाली आणि परत झोपायला गेली.

झोप येईना म्हणून मी हिशोब केला. खेळाच्या नियमात एक फेरी म्हणजे सहा सेकंद. आमच्या फेऱ्या झाल्या चार.

आता आमची पात्रं विश्रांती घेणार आहेत. आठ तास झोपलं की सगळ्या जखमा भरून येतात. फक्त पहिला पहारा कोणी द्यायचा ते ठरायचंय. सोमवारपासून ठरतंय. ठाण्याने दोन परिच्छेद पाठवलेत आणि खाली लिहिलंय, "क्रमशः".