‘लिंक उघडली तरी तीन वर्षं’: पायरसी कायद्यावरच्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून खारघरच्या मॉर्निंग वॉक ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरून फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. पायरसीविरोधी कायदा आला आणि इंटरनेटवर बोलायची सोय राहिली नाही. बंद केलेली साइट उघडली तरी तीन वर्षं कैद. सिनेमातला फोटो घेऊन मीम केलं किंवा परीक्षणात दहा सेकंदांचा तुकडा लावला तरी गुन्हा. पायरसीच्या नावाखाली सरकार वाटेल ती वेबसाइट बंद करू शकतं. कुणीही तक्रार ठोकली की तुमचा व्हिडिओ कायमचा गेला. आणि अमेरिकेने २०१२ साली फेकून दिलेला कायदा आपल्याकडे मागच्या दाराने आणलाय. शेवटी ‘सर्वांना फॉरवर्ड करा’ हे ओघाने आलंच.

यातलं बरंचसं सरळ चूक आहे, थोडं खरं आहे, आणि जे खरं आहे ते भलत्याच ठिकाणी चिकटवलंय. एकेक मुद्दा घेऊ.

‘बंद साइट उघडली तरी तीन वर्षं’

या अफवेचा उगम सापडतो. जुलै २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांनी प्रदर्शनाआधीच साइट बंद करून मागितल्या. न्यायालयाने सरसकट साइट बंद करायला नकार दिला, तपासलेल्या लिंकांची यादी मागितली, आणि अडवलेल्या पानावर कारण व कलमं लिहायला सांगितलं. नंतर ऑगस्टमध्ये ती पाटी अशा शब्दांत झळकली, की हे पान नुसतं पाहणं हाही गुन्हा आहे असा अर्थ निघत होता. देशभर घबराट. महिनाअखेरीस त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटप, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. पाटी दुरुस्त झाली, मेसेज मात्र अजून जुन्याच पाटीवर चाललाय.

तीन वर्षांचा आकडा खरा आहे, पण तो कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ मधला: ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. त्यासाठी जाणूनबुजून केलेलं उल्लंघन लागतं. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा. टॉरेंटने (फाइलचे तुकडे लोकांनी एकमेकांना पुरवायच्या पद्धतीने) सिनेमा उतरवणारा ‘मी फक्त घेतला, दिला कुणाला?’ असं म्हणतो, तेव्हा त्याचं टॉरेंटचं ॲप उतरवता उतरवताच आलेले तुकडे दहा अनोळखी लोकांना पुरवत असतं. म्हणजे तो वाटपच करत असतो. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला आहे, तेव्हा इथे भोळेपणा परवडणारा नाही.

घाबरायचंच असेल तर महाराष्ट्रात घाबरण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला ती सुचलीच नाही याचं आश्चर्य वाटतं. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेल्या राज्याच्या १९८१ च्या एमपीडीए (विघातक कृत्यांना आळा घालणाऱ्या) कायद्यात २००९ साली ‘व्हिडिओ पायरेट’ हाही प्रकार घालण्यात आला. या कायद्याखाली खटला न चालवता १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. सल्लागार मंडळाची चाळणी असते, पण आरोपपत्र, साक्षीपुरावे, जामीन हा नेहमीचा क्रम नसतो. अभिव्यक्तीची काळजी असणाऱ्याने बोट ठेवावं ते इथे.

‘मीम आणि परीक्षणसुद्धा गुन्हा’

उलट आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, खासगी अभ्यास यांसाठी रास्त वापराला मुभा आहे. ज्या २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीच्या नावाने हा मेसेज ओरडतो, तिनेही कलम ५२ च्या या सवलती आपल्या नव्या गुन्ह्यांना लागू केल्या आहेत. त्या दुरुस्तीचा रोख चित्रपटगृहात कॅमेरा लावून सिनेमा टिपणाऱ्यावर आणि ती प्रत चालवणाऱ्यावर आहे: ३ महिने ते ३ वर्षं कैद, आणि ३ लाखांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड.

‘दहा सेकंद चालतात’, ‘तीस सेकंदांपर्यंत माफ’ हेही विसरा. आपल्या कायद्यात सेकंदांचं मोजमाप कुठेच नाही. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने किती आणि काय उचललं, कशासाठी उचललं, आणि त्यामुळे मूळ कृतीचं गिऱ्हाईक तुटतं का. डोंबिवलीच्या एखाद्या परीक्षकाने प्रसंगाचा तुकडा दाखवून त्यातल्या संकलनावर दोन मिनिटं बोलणं वेगळं आणि क्लायमॅक्स सलग लावून कोपऱ्यात आपला चेहरा ठेवणं वेगळं. पहिल्यात आपला आवाज मूळ आवाजावर चढलेला असतो. दुसऱ्यात तुकडा काढला तर व्हिडिओत काही उरतच नाही.

कल्पना तर कुणाच्याच मालकीची नसते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात हे ठरवलं. कुणाचा विचार खोडायचा, त्याची टर उडवायची, तोच विषय घेऊन वेगळं लिहायचं, यातल्या कशालाही कॉपीराइट आडवा येत नाही.

जाता जाता: गडकरी रंगायतनमध्ये किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात मोबाइलवर नाटक टिपणाऱ्यांना सिनेमाचा हा कायदा लागत नाही म्हणून हायसं वाटायला नको. तिथे नाटककाराचा कॉपीराइट आहेच, शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ चा कलावंतांचा स्वतंत्र हक्क आहे.

‘सरकार वाटेल ती साइट बंद करू शकतं’

या मुद्द्यात तथ्य आहे, पण मेसेज सांगतो तसं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार साइट अडवतं तेव्हा कारणं ठरलेली असतात: देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित गुन्ह्याला चिथावणी. त्यात कॉपीराइट नाही. पायरसीच्या साइट मुख्यतः न्यायालयांच्या आदेशाने बंद होतात. नोव्हेंबर २०२३ पासून माहिती व प्रसारण मंत्रालय आणि सेन्सॉर मंडळातले नोडल अधिकारीही सिनेमांच्या चोरट्या प्रतींबाबत तक्रार आल्यावर ४८ तासांत कारवाई करू शकतात. तेवढाच सरकारी हात.

खरा गोंधळ न्यायालयाचा आदेश इंटरनेट कंपनीपर्यंत पोहोचल्यावर होतो. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाचा अर्थ कंपन्यांनी इतका सैल लावला की व्हिमिओ, डेलीमोशन आणि नुसता मजकूर ठेवायची पेस्टबिनसुद्धा बंद पडली. जूनमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की विशिष्ट लिंकच अडवा. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी सिनेमांसाठी त्याच न्यायालयात दिलेल्या अडीच हजारांवर साइटच्या यादीत चक्क इंटरनेट अर्काइव्ह निघालं. जुनी पुस्तकं, ध्वनिमुद्रणं, बंद पडलेल्या संकेतस्थळांची पानं, सगळंच भारतातून दिसेनासं झालं.

असं का होतं ते तांत्रिक आहे. पूर्वी साधं एचटीटीपी होतं तेव्हा कंपनीला पूर्ण पत्ता दिसायचा, एकच पान अडवता यायचं. आता जवळजवळ सगळं एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक भाषेत बंद केलेलं, आहे. ब्राउझर डीएनएसला (नावावरून साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला) साइटचं नाव विचारतो, मग जोडणी करताना पहिल्याच निरोपात तेच नाव पुन्हा उघड जातं. त्या नावापुढच्या तिरप्या रेघेनंतरचं सगळं कुलूपबंद. गेटवरच्या वॉचमनला पाहुणा कुठल्या इमारतीत चाललाय एवढं कळावं आणि फ्लॅट नंबर कळू नये, तशी कंपनीची गत. एका व्हिडिओसाठी आदेश आला तर अख्खी इमारत बंद करायची नाहीतर सोडून द्यायची. न्या. पटेल यांनी २०१६ मध्ये मागितलेली लिंकनिहाय यादी तत्त्व म्हणून आजही योग्य आहे, पण ती आता राबवायची तर इंटरनेट कंपनीकडे न जाता ती फाइल ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मकडेच जावं लागतं.

आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा अंकी पत्ता, अडवणं याहून वाईट. क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे एकाच पत्त्यावर असंख्य साइट असतात. इटलीत फेब्रुवारी २०२४ पासून फुटबॉलसाठी अर्ध्या तासात साइट अडवणारी यंत्रणा सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये तिने गुगल ड्राइव्हच्या वाटेवरच घाव घातला. स्पेनमध्ये २०२५ पासून सामन्याच्या वेळी संबंध नसलेल्या साइट गळतात, त्याचं कारणही हेच.

आपल्याकडे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘रोग वेबसाइट’ (इंग्रजी rogue, म्हणजे मुळात चोरीसाठीच चालवलेली लबाड साइट) ओळखायच्या खुणा ठरवून दिल्या: साइटचा मुख्य हेतू काय, मालकाने ओळख लपवली आहे का, नोटिशींना उत्तर देते का, अडवलेलं कसं उघडायचं हे शिकवते का. या खुणा चांगल्या आहेत. त्याच निकालाने आरसा साइट (बंद साइटच्या नव्या नावाने निघालेल्या हुबेहूब प्रती) यादीला जोडायचं काम संयुक्त निबंधकांकडे दिलं आणि नंतरच्या काही आदेशांत, खासकरून थेट सामन्यांसाठी, वादीने परस्पर कंपन्यांना कळवलं तरी चालतं. म्हणजे पहिली यादी न्यायाधीश पाहतो, पुढची भर त्याच्या नजरेखालून जाईलच असं नाही. आमच्या मते आक्षेप घ्यायचा तो इथे, आणि नेमका. ‘कायदाच नको’ म्हणणाऱ्याचं न्यायालयात कुणी ऐकत नाही; ‘यादीतली अमुक साइट खुणांत बसत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐकावं लागतं.

‘तक्रार आली की व्हिडिओ कायमचा गेला’

कॉपीराइट नियम, २०१३ चा नियम ७५ वाचला तर हे टिकत नाही. तक्रार लेखी हवी. त्यात कृती कुठली, मालकी कशावरून, ती प्रत कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, नेमकी कुठे आहे, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दाखवतो अशी हमी लागते. मध्यस्थाची, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्मची, खात्री पटली तर ३६ तासांत प्रवेश थांबतो, तोही २१ दिवसांसाठी. आदेश आला नाही तर मजकूर परत लावता येतो, आणि त्याच तक्रारदाराकडून त्याच ठिकाणच्या त्याच कृतीबद्दल पुन्हा आलेल्या नोटिशीला दाद द्यायचं बंधन राहत नाही.

अडचण अशी की यूट्यूब स्वतःच्या पद्धतीने चालतं, आणि ती अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेली आहे. तिथे दोन प्रकार असतात आणि लोक ते एकत्र करतात. कंटेंट आयडीचा दावा म्हणजे यंत्राने ओळखलेलं गाणं किंवा दृश्य. बहुधा जाहिरातीचे पैसे वळतात, चॅनलला धोका नसतो. त्यावर हरकत घेतली की दावेदाराकडे उत्तरासाठी ३० दिवस असतात. स्ट्राइक वेगळा, तो मालकाने व्हिडिओ काढायची रीतसर मागणी केल्यावर लागतो. ९० दिवसांत तीन झाले की चॅनल जाऊ शकतं. घाबरून व्हिडिओ डिलीट केला तरी स्ट्राइक जात नाही, उलट आपली बाजू दाखवायला काही उरत नाही. प्रतिनोटीस द्यायची, त्यात खरं नाव आणि पत्ता लागतो आणि तो तक्रारदाराला कळतो, हे आधी माहीत असावं. मग दावेदाराने कामकाजाच्या १० दिवसांत न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो.

पोकळ धमकी देऊन पैसे मागणाऱ्यासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ६० आहे. धमकी निराधार असल्याचं जाहीर करून घेण्यासाठी, ती थांबवण्यासाठी आणि नुकसानभरपाईसाठी तुम्ही स्वतः दावा लावू शकता. समोरच्याने वेळेत खरोखर उल्लंघनाचा दावा लावला तर हे कलम गळून पडतं. कायद्यातलं हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं हत्यार असावं.

‘अमेरिकेने फेकलेला कायदा’

‘सोपा’ (SOPA) आणि ‘पिपा’ (PIPA) ही अमेरिकेतली पायरसीविरोधी विधेयकं विकिपीडियाने १८ जानेवारी २०१२ ला निषेध म्हणून दिवसभर अंधार केल्यावर बासनात गेली, हे खरं. पण साइट अडवायचं आपलं हत्यार, म्हणजे अनोळखी चोरांविरुद्ध आधीच मिळणारा न्यायालयाचा आदेश, तिथून आलेलं नाही. असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्येच दिला होता, फुटबॉल विश्वचषक चोरून दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध.

बोलण्यावर कायद्याने घाला घातल्याचं उदाहरण हवं असेल तर ते लांब शोधायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमध्ये, फेसबुकवर मुंबई बंदबद्दल लिहिलं आणि ते लाइक केलं म्हणून दोन तरुणींना अटक झाली. कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. पायरसीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्याच निकालात कलम ७९(३)(ब) चा अर्थ आवळून धरला: मजकूर काढायला न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना हवी. आज सरकारच्या सहयोग पोर्टलवरून त्याच कलमाखाली कंपन्यांना सूचना जातात, आणि त्याविरुद्धची एक्सची (पूर्वीच्या ट्विटरची) याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. अभिव्यक्तीची लढाई या कलमावर चालू आहे.

तुमच्या कामाची एखादी सरळमार्गी साइट अचानक उघडेनाशी झाली तर आधी घरच्या ब्रॉडबँडवर आणि मोबाइल डेटावर दोन्हीकडे पाहा. एकीकडे उघडली तर अडथळा जिथे उघडत नाही त्या कंपनीचा. मग डीएनएस बदलून पाहा. उघडली तर फक्त नावाच्या पातळीवर अडवलंय. पाटी दिसत असेल तर तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावरचा दावा क्रमांक टिपा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेलने विचारा, कुठल्या आदेशाखाली बंद केली. उत्तर आलं नाही तर दूरसंचार विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. आदेश हाती आला की साइटच्या मालकाने त्याच न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली मनाई हुकूम बदलून मागायचा. अर्जाला साइटच्या मुख्य पानाचे, मालकाच्या नावाचे आणि मजकूर काढण्याच्या धोरणाचे पुरावे जोडा, कारण ‘रोग’ नसल्याचं त्यावरूनच ठरतं.