पुरातली मुलं आणि ‘चहा-बिस्किटांची ट्रेनिंगं’

पावसाळा सुरू होऊन सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या पाणीपातळीचे आकडे मोबाइलवर यायला लागले, की त्यांच्या मागोमाग एक मजकूरही हमखास येतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था म्हणे तुमच्या देणगीतून अंगणवाडीच्या ताईंना, बचत गटातल्या बायकांना आणि गावातल्या तरुण पोरांना ‘आपत्तीतल्या नेतृत्वा’चं प्रशिक्षण देतात, आणि हा सगळा पैशांचा चुराडा आहे. संकटात एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल) आणि लष्कर येतंच. मुलांना दूध-बिस्किटं वाटायला शिकावं काय लागतं? पोरकी झालेली मुलं लगेच शहरातल्या चांगल्या आश्रमात हलवावीत. गावातली माणसं स्वतःच बुडालेली असतात, ती कसलं नेतृत्व करणार? आणि शेवटचा टोला: प्रशिक्षण म्हणजे चहा, बिस्किटं, फोटो आणि प्रमाणपत्र.

हा शेवटचा टोला अर्धा खरा आहे, त्याचं नंतर बघू. बाकीचे मुद्दे एकेक करून घेतो.

‘एनडीआरएफ येतंच’

येतं, आणि आल्यावर जीव ओतून काम करतं. अडचण आहे ती येईपर्यंतच्या वेळेची. एनडीआरएफच्या देशभरात मिळून १६ बटालियन आहेत, त्यातली आपली पुण्याजवळ. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीसारखी गाडी घेऊन गेला तर गावच दिसेना, म्हणून माघारी फिरून त्याने खबर दिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडीरस्ताच नव्हता. मदतीला आलेल्यांना भर पावसात पायवाटेने डोंगर चढावा लागला, मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत आणि घमेली-फावड्यांनी माती उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. या दोन्ही ठिकाणी पहिले काही तास ज्यांच्या हातात होते ते आसपासचेच लोक होते. जपानसारख्या सुसज्ज देशातही वेगळं घडलं नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या बहुतेकांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं.

म्हणजे गावकरी पहिले पोहोचणार हे ठरलेलंच. त्यांना काही शिकवायचं की नाही, एवढंच आपल्या हातात उरतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला काय झालं ते आठवा. पुराने वेढलेल्या गावातून माणसं बाहेर काढणारी बोट क्षमतेपेक्षा जास्त भरली आणि उलटली. मेलेल्यांत बायका-मुलं होती. माणसं हिमतीची होती, मदतीची इच्छाही होती. बोटीत किती जण बसवायचे, आधी कुणाला, जॅकेटशिवाय कुणालाच नाही, आणि काठावर रडणाऱ्या गर्दीला ‘पुढच्या फेरीला’ असं ठणकावून कोण सांगणार, हे मात्र आधी ठरलेलं असावं लागतं.

यावर केरळचं उदाहरण तोंडावर फेकलं जातं: २०१८ च्या पुरात मच्छीमारांनी हजारो लोक वाचवले, त्यांना कुठल्या संस्थेने शिकवलं होतं? संस्थेने नाही, समुद्राने. जन्मभर लाटांवर बोट घालणाऱ्यांची तुलना कृष्णाकाठच्या ऊसवाल्याशी कशी करणार? त्याने वल्हं हातात धरलं ते थेट पुरातच.

‘दूध-बिस्किटं वाटायला शिकावं काय लागतं?’

बरंच काही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

दुधाच्या पावडरीपासून सुरुवात करू. पूर आला की शहरातून येणाऱ्या टेम्पोत हिचे डबे असतातच. देणाऱ्याच्या मनात फक्त कळवळा असतो. आता निवारा केंद्रातलं चित्र बघा. पाणी टँकरचं, उकळायला शेगडी नाही, बाटली धुवायची कुठे हा प्रश्न. बाळंतीण घाबरलेली, झोप नाही, आणि आजूबाजूच्या चार बायका तिला सांगतात, ‘धक्क्याने तुझं दूध आटलं गं.’ खरं तर भीतीने दूध उतरायला वेळ लागतो, पण बाळाला पुन्हापुन्हा पाजत राहिलं की ते येतं. त्याच वेळी हातात डबा पडला की पाजणं थांबतं आणि मग दूध खरोखरच कमी होतं. २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकार्ता भागात भूकंपानंतर अशी पावडर सर्रास वाटली गेली. नंतरच्या पाहणीत ती मिळालेल्या लहान मुलांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. आपल्याकडे तर आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या या मालाच्या फुकट वाटपावर १९९२ च्या कायद्याने बंधनं आहेत. किती देणगीदारांना ते माहीत असतं? शिकलेली अंगणवाडी सेविका डबे बाजूला ठेवते, वर्गाच्या एका कोपऱ्याला दोन साड्यांचा आडोसा करते आणि बाळंतिणींना तिथे बसवते. ज्या बाळाची आईच नाही त्याला पावडर मिळते, पण तिच्या देखरेखीखाली, उकळलेल्या पाण्यात आणि वाटी-चमच्याने.

दुसरी गोष्ट वहीची. मुलांच्या संस्था जी प्रशिक्षणं घेतात त्यात एक सराव असतो, तो बघण्यासारखा आहे. एक ताई नऊ वर्षांची हरवलेली मुलगी होते. दुसरा कुणीतरी तिचा ‘काका’ बनून येतो: माझी पुतणी आहे, आई तिची पलीकडच्या शाळेत वाट बघतेय, घेऊन जातो. नाव सांगतो, गाव सांगतो. बहुतेक गट पहिल्या फेरीत मुलगी त्याच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. मग प्रशिक्षक विचारतो, याला तिचं नाव कुठून कळलं? मगाशी ती रडत रडत सगळ्या वर्गासमोर तेच सांगत होती की! खोलीत एकदम गलका होतो आणि दुसऱ्या फेरीत सगळं बदलतं. मुलीला आधी बाजूला घेऊन विचारायचं, तेही हळू आवाजात. काकाला नाव विचारायचंच नाही. घरात म्हातारं कोण आहे, शेळ्या किती, दारात झाड कसलं, असलं विचारायचं आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. पोलीस पाटलाला बोलवायचं. ओळखपत्राची नोंद, सही, वेळ, सगळं वहीत. जरा जरी शंका आली तर मूल सोडायचं नाही, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं. कायदा हेच सांगतो, पण रात्री अकराला, वीज गेलेली असताना आणि समोरचा माणूस आवाज चढवत असताना तो हाताशी यायला सराव लागतो.

तिसरी गोष्ट सांगताना लोक लाजतात. शाळेत चारशे माणसं राहायला येतात आणि शौचालयं असतात चार-पाच, मैदानाच्या टोकाला, बिनदिव्याची. जगभरात धरला जाणारा किमान निकष २० माणसांमागे एक शौचालय आणि माणशी दिवसाला १५ लिटर पाणी असा आहे. तो इथे पाळला जात नाही हे उघड आहे. मग मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, किंवा अंधारात एकट्या जातात. आतून कडी, बाहेर एक दिवा, आणि मुलींबरोबर जायला दोन बायकांची पाळी. एवढ्याशा गोष्टीने मोठा धोका टळतो. टेम्पोत बिस्किटांचे तीस खोके असतात, कडी नसते.

(जुन्या कपड्यांबद्दल लिहीतच नाही. निवारा केंद्राबाहेर भिजत पडलेले ढीग ज्यांनी बघितलेत त्यांना वेगळं सांगायला नको.)

‘पोरकी मुलं लगेच शहरात हलवा’

पहिल्या आठवड्यात कोण पोरकं आणि कोण फक्त चुकामूक झालेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. बाप दुसऱ्या गावच्या छावणीत असतो, आई दवाखान्यात, फोन बंद. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर एका अमेरिकी धार्मिक गटातल्या दहा जणांना ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडण्यात आलं. ‘अनाथांना वाचवतोय’ असं त्यांचं म्हणणं होतं. नंतर कळलं की बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. आपल्याकडेही २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘दोन मुलींचे आईवडील गेले, दत्तक घ्यायच्या असतील तर या नंबरवर फोन करा’ असे मेसेज घराघरांत फिरले. चांगल्या चांगल्या लोकांनी ते पुढे ढकलले. बेकायदा दत्तक देणाऱ्यांवर कारवाई करा, असं शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आणि खरोखर आईबाप गेलेल्या मुलालाही बहुतेकदा आजी असते, मामा असतो, चुलती असते. त्यांना पोसायची ऐपत नसेल तर राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. रक्कम फार नाही, पण मूल स्वतःच्या माणसांत राहतं. ती आजी शोधणार कोण आणि तिचा अर्ज भरून घेणार कोण? पुण्याहून आलेला स्वयंसेवक तर चार दिवसांनी परत जातो.

‘गावातली माणसं स्वतःच बुडालेली असतात’

हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. जिने इतरांची मुलं सांभाळायची त्या सेविकेच्याच घरात छातीभर पाणी असतं. म्हणून तर एकाच ताईला शिकवून भागत नाही. प्रत्येक वाडीत किमान दोघी-तिघी हव्यात, आणि वरच्या अंगाच्या, पाणी न चढणाऱ्या गावातल्या लोकांशी जोडी लावून ठेवायला हवी. जे प्रशिक्षण हा हिशेब करत नाही ते कच्चं.

पण ‘बुडालेली माणसं नेतृत्व करू शकत नाहीत’ हा निष्कर्ष निघतो कुठून? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीचा भूकंप झाला. पुढे घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांतल्या महिला मंडळांतून बायका निवडून त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. भूकंपाने ज्यांचीच घरं तडकली होती अशा बायका. भिंतीत कुठलं बांधकाम भूकंपाला टिकतं, कुणाला किती अनुदान, हप्ता कुठे अडला, हे त्या गावसभेत मांडू लागल्या. २००१ ला भुज हादरलं तेव्हा यांच्यातल्या काही जणी कच्छमध्ये गेल्या, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर. ना गुजराती येत होती, ना तमिळ. तरी तिथल्या बायका यांच्याशी बोलल्या, कारण ढिगाऱ्यातून पुन्हा उभं राहिलेलं माणूस समोर दिसत होतं.

ओडिशाचंही बघा. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. २०१३ च्या फायलिनमध्ये मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. हवामानाचे अंदाज सुधारले, निवारे बांधले, हे आहेच. पण म्हातारीला गाय सोडून घराबाहेर पडायला लावलं ते तिच्या ओळखीच्या, शिकलेल्या पोरांनी. बांगलादेशात अशा स्वयंसेवकांची फौज ७६ हजारांची आहे, त्यात निम्म्या बायका.

‘चहा, बिस्किटं, फोटो, प्रमाणपत्र’

आता अर्ध्या सत्याकडे. असली प्रशिक्षणं होतात, खूप होतात. एका दिवसात पन्नास जण, पडद्यावर सत्तर स्लाइडा, जेवणानंतर पेंग, मग बॅनरसमोर फोटो. जूनमध्ये शिकवलं ते पुढच्या जूनमध्ये कुणी विचारत नाही. सेविका निवृत्त झाली, नवी आली, तिला काहीच सांगितलेलं नसतं. यावर पैसा घालवणाऱ्या संस्थेला जाब विचारा, जरूर विचारा. सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेतसुद्धा स्वयंसेवकांना बारा दिवस शिकवतात. मग मुलांच्या सुरक्षेचं सगळं चार तासांत उरकणाऱ्यांना ‘रंगीत तालीम कधी घेतली?’ एवढा एकच प्रश्न पुरे.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि ती त्या मजकुरात कुठेच नसते. २०१६ ला आपत्तीतल्या मदतीवर इस्तंबूलला झालेल्या जागतिक परिषदेत मोठमोठ्या देणगीदार देशांनी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत मदतीच्या पैशांपैकी किमान २५ टक्के रक्कम स्थानिक आणि राष्ट्रीय पातळीवर काम करणाऱ्यांपर्यंत पोहोचवू. मुदत उलटली, आकडा जवळपासही गेला नाही. त्याच काळात प्रशिक्षणं मात्र वाढत गेली. सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर २०१५ मध्येच यासाठी स्वतंत्र अकादमी उभी केली, आणि काम म्हणून ते चांगलंच आहे. पण शिकवायचं स्थानिकांना आणि तिजोरीची किल्ली ठेवायची स्वतःकडे, हे किती दिवस चालणार? मानधनावर राबणाऱ्या ताईला वही, नियम आणि जबाबदारी दिली, आणि पुराच्या रात्री टॉर्चचे सेल आणि शौचालयाची कडी घ्यायला पाचशे रुपये तिने कुणाकडे मागायचे हे ठरवलंच नाही. संस्थेला देणगी देताना विचारायचं तर हे विचारा: तुम्ही शिकवलेल्या ताईच्या हातात पहिल्या ४८ तासांत वरची परवानगी न घेता खर्च करायला किती पैसे असतात?