एक कोर्स, एक नाव? ऑगस्टा ते मेरियन, पुरावा उलटं सांगतो

पुण्यातल्या गोल्फ खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. येरवड्याला सकाळी खेळायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो मलाही पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जगातला प्रत्येक थोर गोल्फ कोर्स एकाच डोक्यातून निघालेला असतो, समितीने कधी काही धड घडवलेलं नाही. काम ज्याच्या नावाने दिलं आणि नकाशा ज्याचा, श्रेय त्याचं. जागेवर राबणारे हुकमाचे ताबेदार. नंतर बदल करणाऱ्यांनी केली ती डागडुजी. वाद झालाच तर क्लबच्या इतिहासात छापलेलं नाव प्रमाण. आणि दोन-तीन नावं एकत्र लिहिणं ही श्रेयाची खैरात. पुरावा म्हणून मेरियन, रॉयल मेलबर्न, सायप्रस पॉइंट आणि ऑगस्टा अशी चार उदाहरणं दिली आहेत.

माझं काम जमिनीच्या मोजणीचं आणि मातीकामाचं. नकाशावरची रेघ जमिनीवर उतरताना तिचं काय होतं हे मी रोज बघतो, म्हणून या मजकुराला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं. त्यातली चारही उदाहरणं त्याच्याच विरुद्ध साक्ष देतात.

आधी समितीचा मुद्दा. फिलाडेल्फियाजवळचा मेरियनचा ईस्ट कोर्स 1912 मध्ये खुला झाला. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कोर्समध्ये त्याची गणना होते, आणि तो पाच जणांच्या समितीने घडवला. प्रमुख ह्यू विल्सन, विम्याच्या धंद्यातला हौशी खेळाडू. त्याने तोवर एकही कोर्स आखलेला नव्हता. समितीत रिचर्ड फ्रान्सिस नावाचा एक इंजिनिअर होता. आपल्याला नकाशे वाचता-काढता येतात, लेव्हल आणि टेप चालवता येते, म्हणून समितीत घेतलं असावं, असं त्याने पुढे लिहिलं. कोर्स अठरा होलांचा, पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल. पहिले तेरा होल जागेत नीट बसले होते, शेवटचे पाच काही केल्या बसेनात. एका रात्री नकाशावर डोकं खपवताना फ्रान्सिसला सुचलं की क्लबच्या उपयोगाची नसलेली थोडी जमीन देऊन शेजारची एक पट्टी घेतली तर कोडं सुटतं. मध्यरात्री सायकल मारत तो समितीतल्या लॉइडच्या घरी गेला आणि त्याला झोपेतून उठवलं. लॉइडने होकार दिला. आजचं पंधराव्याचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक गवताची जागा, आणि सोळाव्याची टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, त्या पट्टीवर आहे. एक-दोन दिवसांत खाणीत सुरुंग लावून सोळाव्याच्या ग्रीनसाठी टेकाडाचा माथा उडवायला सुरुवातही झाली होती.

कोर्सच्या रचनेत सगळ्यात अवघड काम राउटिंगचं. कुठला होल कुठे सुरू होतो, कुठे संपतो, उताराला कसा पडतो, वारा कुठून घेतो, पावसाचं पाणी कुठे जातं, हे सगळं त्यात आलं. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, तो उद्या हलवता येतो. राउटिंग एकदा बसलं की पुढची शंभर वर्षं कोर्स त्याच वाटेने चालतो. मेरियनच्या राउटिंगची गाठ सोडवली लेव्हल-टेपवाल्याने. एकाच डोक्यातून कोर्स निघतो म्हणणाऱ्यांनी या माणसाला कुठे बसवायचं ते सांगावं.

मजकुराचा दुसरा मुद्दा मला सर्वात जास्त खटकतो, कारण तो खोटा आहे आणि अन्यायाचाही आहे. जागेवर काम करणारे फक्त हुकूम पाळतात म्हणे. रॉयल मेलबर्नचंच बघू. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी हा ब्रिटिश कोर्स-रचनाकार 1926 मध्ये ऑस्ट्रेलियात आला. जेमतेम काही आठवड्यांच्या मुक्कामात त्याने अनेक क्लबांना सल्ला दिला आणि तो निघून गेला. रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स खेळायला खुला झाला 1931 मध्ये. मधल्या वर्षांत माती कोणी हलवली? बंकरची ती प्रसिद्ध कातीव कड कोणी घडवली? ग्रीनचे चढउतार हाताने कोणी बसवले? 1924 ची ऑस्ट्रेलियन ओपन हौशी खेळाडू म्हणून जिंकलेला अ‍ॅलेक्स रसेल, आणि क्लबचा मुख्य ग्रीनकीपर, म्हणजे कोर्सची देखभाल करणारा, मिक मॉरकॉम. मॅकेंझीने आपला ऑस्ट्रेलियातला भागीदार म्हणून रसेललाच निवडलं होतं. ज्याच्यावर काम सोपवून माणूस समुद्रापार जातो, त्याला हुकमाचा ताबेदार कसं म्हणायचं? शेजारचा ईस्ट कोर्स, 1932 चा, रसेलने स्वतः आखला. टीव्हीवर प्रेसिडेंट्स कपच्या वेळी आपण जो रॉयल मेलबर्न पाहतो तो वेस्टचे 12 आणि ईस्टचे 6 होल जोडून केलेला असतो. म्हणजे मॅकेंझीची कमाल म्हणून टाळ्या वाजवताना अठरातल्या सहा होलांना आपण चुकीच्या माणसाच्या नावाने दाद देत असतो.

यात मॅकेंझीची थोरवी तसूभरही कमी होत नाही. उलट श्रेयाच्या बाबतीत तो त्याच्या आजच्या भक्तांपेक्षा फार उदार होता. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटचा सोळावा होल बघा. टीवरून थेट समुद्रावरून मारायचा, जगात सर्वाधिक छायाचित्रं निघालेल्या होलांपैकी एक. हे काम आधी सेथ रेनॉर या रचनाकाराकडे होतं, 1926 च्या सुरुवातीला तो वारला, मग मॅकेंझी आला. सोळाव्याबद्दल मॅकेंझीने स्वतः लिहून ठेवलंय की बांधकामातले किरकोळ तपशील सोडले तर या होलशी आपला संबंध नाही, दृष्टी होती मॅरियन हॉलिन्सची. एवढ्या लांबून समुद्र पार होणार नाही, अशी हळहळ रेनॉरने व्यक्त केली होती. हॉलिन्सने चेंडू टीवर ठेवला आणि पलीकडे मारून दाखवला. तो पडला तिथे आज ग्रीन आहे. ती 1921 ची अमेरिकेची महिला हौशी विजेती आणि या सगळ्या प्रकल्पामागची कर्ती बाई. करार मॅकेंझीशी, नकाशा मॅकेंझीचा, आणि तोच सांगतोय की हा होल माझा नाही. नकाशावाल्याचा शब्द प्रमाण मानायचा तर त्याचा हा शब्दही मानावा लागेल.

असंच फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या सतराव्या होलचं. 1980 मध्ये खुल्या झालेल्या त्या कोर्सवर नाव पीट डायचं. सतराव्याच्या आसपासची चांगली वाळू उपसून बाकी कोर्सवर वापरली गेली, आणि भलामोठा खड्डा उरला. त्यात पाणी भरून ग्रीनचं बेट करायची कल्पना पीटची बायको अ‍ॅलिस डायची. पीट स्वतः तसं सांगत असे. ती त्या व्यवसायातली जाणती रचनाकार होती, तरी आपल्याकडे कोणाशीही बोला, पीटचं बेट एवढंच ऐकू येतं. बायकांचं श्रेय असं सहज नवऱ्याच्या किंवा साहेबाच्या खात्यावर जमा होतं, आणि एकाच नावाचा आग्रह त्याला हातभार लावतो.

डागडुजीचं आता. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल मॅकेंझी आणि विख्यात खेळाडू बॉबी जोन्स यांनी आखलं, यात शंका नाही. पण मॅकेंझी जानेवारी 1934 मध्ये गेला, तिथली पहिली मास्टर्स स्पर्धा मार्चमध्ये झाली. ती त्याने पाहिलीच नाही. त्या पहिल्या स्पर्धेनंतर पहिल्या नऊ आणि शेवटच्या नऊ होलांची अदलाबदल झाली, म्हणून आजचा पहिला होल तेव्हा दहावा होता. 1937 मध्ये पेरी मॅक्सवेल या रचनाकाराने दहाव्याचं ग्रीन मागे वरच्या अंगाला नेलं. 1947 मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्सच्या हातून सोळावा होल जवळजवळ नव्याने झाला, तळ्यासकट. 2002 मध्ये टॉम फॅझिओच्या कामानंतर कोर्सची लांबी 6985 यार्डांवरून 7270 झाली. सोळाव्याच्या तळ्याकाठी रविवारी जे नाट्य घडतं आणि आपण पहाटेपर्यंत जागून पाहतो, ते मॅकेंझीने कधी कल्पिलेलंही नसेल.

इथे पुणेकरांना खडकवासल्याचं उदाहरण लगेच पटेल. धरण फाइफ या इंग्रज इंजिनिअरच्या काळातलं, एकोणिसाव्या शतकातलं. स्वयंचलित दरवाजे विश्वेश्वरय्यांचे, 1903 चे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटल्यावर त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि मग ते पुन्हा बांधलं. विश्वेश्वरय्यांनी डागडुजी केली असं पुण्यात कोणी म्हणत नाही, आणि दरवाज्यांमुळे फाइफचं नावही कोणी पुसत नाही. प्रत्येक थराचं श्रेय वेगळं, तारखेसकट. गोल्फ कोर्सला हाच न्याय लावायला काय हरकत आहे?

क्लबच्या इतिहासात छापलेलं नाव प्रमाण मानावं, हा मुद्दा मेरियनवरच कोसळतो. कित्येक दशकं छापून येत होतं की विल्सनला क्लबने 1910 मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडला पाठवलं, सात महिने तिथले कोर्स अभ्यासून तो परतला आणि मग त्याने मेरियन आखलं. सुरेख गोष्ट आहे. पुढे अभ्यासकांनी बोटींच्या प्रवासी याद्या काढल्या तेव्हा दिसलं की विल्सनचा तो प्रवास 1912 च्या वसंतातला होता. तोवर मेरियनवर गवत पेरून झालं होतं. मग तयारी कुठे झाली? मार्च 1911 मध्ये समिती न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड या नामवंत रचनाकाराकडे जाऊन त्याचे नकाशे आणि कोर्स पाहून आली. परत येऊन तिने पाच आराखडे काढले. एप्रिलमध्ये मॅकडोनाल्ड आणि त्याचा जावई व्हिगम मेरियनला आले, जमीन फिरले, आराखडे पाहिले आणि एक पसंत केला. हे क्लबच्या त्या वेळच्या कागदांतच आहे. छापील इतिहासाला तेवढा त्याचा विसर पडला होता.

बरं, जुना लेख म्हणजे सत्य असंही नाही. 1939 मध्ये मॅकडोनाल्ड वारला तेव्हा व्हिगमने लिहिलं की मेरियन हा मॅकडोनाल्ड आणि रेनॉरचा कोर्स. व्हिगम प्रत्यक्ष साक्षीदार होता. पण तो सासऱ्याच्या मृत्यूनंतर, सत्तावीस वर्षं मागचं लिहीत होता, आणि त्या वेळच्या कागदांत पाच आराखडे काढणारी समिती दिसते. म्हणून माझं मत असं की क्लबची गोष्ट आणि जावयाची गोष्ट, दोन्ही बाजूला ठेवाव्यात आणि मार्च-एप्रिल 1911 चे कागद धरावेत. घटनेच्या दिवसाचं टिपण, मग सहभागी माणसाची आठवण, आणि सर्वांत शेवटी स्मरणिकेतला गौरव, या क्रमानेच पुरावा तोलायला हवा.

राहिला खैरातीचा आरोप. कामनिहाय श्रेय म्हणजे सगळ्यांना थोडंथोडं वाटणं नव्हे, त्यात काही जणांचं श्रेय कमीही होतं. फक्त नाव विकायला देणारे खेळाडू त्यात टिकत नाहीत. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅकचा वाद घ्या. 1936 चा कोर्स, रचनाकार म्हणून नाव टिलिंगहास्टचं. 2002 मध्ये तिथे यूएस ओपन झाली त्या सुमारास, खरा रचनाकार उद्यानाचा अधीक्षक जोसेफ बर्बेक होता, असा दावा जोरात पुढे आला. टिलिंगहास्टने स्वतःच लिहिलेलं आहे की एक कोर्स अत्यंत कडक करायची कल्पना बर्बेकची. तेवढं बर्बेकला द्यायलाच हवं, आणि बांधकामाची देखरेखही. पण कल्पना सुचवणं म्हणजे होल बसवणं नव्हे. राउटिंग बर्बेकचं होतं हे दाखवणारा त्या वेळचा कागद समोर येत नाही, तोवर मी रचनाकार म्हणून टिलिंगहास्टचंच नाव लिहीन. अमेरिकेतल्याच पाइन व्हॅली कोर्सला उलट बाजू दिसते. जॉर्ज क्रंप हॉटेलवाला, पण वर्षानुवर्षं त्या वाळूत राहून त्याने एकेक होल घडवला. 1918 मध्ये तो वारला तेव्हा 14 होल झाले होते, आणि उरलेले चार पुरे करायला मेरियनचा तोच ह्यू विल्सन आणि त्याचा भाऊ पुढे आले. 1913 मध्ये येऊन आराखडा देणाऱ्या इंग्लिश रचनाकार हॅरी कोल्टचं नाव तिथे लागतंच, पण क्रंपच्या नंतर.

बोर्डावर इतकी नावं मावणार नाहीत, असं कोणी म्हणेल. मावतात. मेरियन ईस्टची नोंद मी अशी लिहीन: आराखडा ह्यू विल्सन आणि समिती, 1911, शेवटच्या पाच होलांसाठी जमिनीच्या अदलाबदलीची कल्पना रिचर्ड फ्रान्सिस, आराखड्याची निवड आणि सल्ला मॅकडोनाल्ड व व्हिगम, 1920 च्या दशकातले बदल विल्सन आणि विल्यम फ्लिन. चार ओळी झाल्या.