शून्य त्रुटीचा विकास आराखडा

अभिनंदन. तुमच्या नगरपालिकेने शहराचा विकास आराखडा (डीपी) जीआयएसवर, म्हणजे संगणकातल्या नकाशा-प्रणालीवर, करायचा ठराव केला आहे. यापुढे डीपी म्हणजे ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि ब्लेडने खरवडलेली रेघ नव्हे. ब्लेडने खरवडलं की कागद पातळ व्हायचा आणि उजेडात धरला की बाग कुठून कुठे गेली ते कुणालाही कळायचं. संगणकात रेघ सरकवली तर मागे ओरखडाही उरत नाही. प्रत्येक बदल कुणी, कधी केला याची नोंद ठेवणारा डेटाबेस सल्लागार सुचवतील. त्याला ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणावं आणि फाइलला ‘डीपी_फायनल_नवीन_२’ असं नाव द्यावं.

सुरुवात गावनकाशे बसवण्यापासून. भूमी अभिलेखकडून गटांचे नकाशे येतील. त्यांची मूळ मोजणी ३३ फुटांच्या साखळीने झालेली, साखळीचे १६ आणे. कागद तेव्हापासून घड्या सोसतो आहे, कुठे ताणला, कुठे आकसला. तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा तर दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू लागतात: तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, चौफुली. ज्यांना वेळेची किंमत नाही असे लोक गावामागे पंधरा-वीस बिंदू घेतात, त्यातले चार-पाच फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवतात आणि जागा अचूक मोजणारं डीजीपीएस यंत्र खांद्यावर टाकून बांधावर जातात.

तुम्ही तीन घ्या. साध्या रूपांतराला किमान तीनच बिंदू लागतात, आणि नेमके तीनच दिले की समीकरण तंतोतंत सुटतं. आरएमएस त्रुटी, म्हणजे बिंदूंची सरासरी चूक: ०.०००. बिंदू कुठलेही असोत, एक विहिरीवर आणि दुसरा शेजारच्या गोठ्यावर टाकलात तरी शून्यच. चौथा बिंदू दिलात तर सॉफ्टवेअर खरं बोलायला लागतं, ११ मीटर, १७ मीटर असं काहीबाही. म्हणून चौथा देऊ नये. अहवालात शून्य तीन दशांश स्थळांपर्यंत छापावं. सर्वसाधारण सभेत त्याच्यावर कुणी बोलत नाही.

चूक किती मोठी ठेवायची यालाही तारतम्य लागतं. राज्याच्या पश्चिमेकडचा भाग यूटीएम या नकाशा-पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात येतो आणि ७८ रेखांशाच्या पूर्वेकडचा, म्हणजे नागपूर वगैरे, ४४व्या. पट्टा चुकला तर शहर सहाशे किलोमीटर लांब जाऊन पडतं. हे शिपायालाही दिसतं, त्यामुळे निरुपयोगी. त्यापेक्षा जुन्या टोपोशीटचा (सर्वेक्षण खात्याच्या नकाशाचा) पाया एव्हरेस्ट आणि मोबाइलचा डब्ल्यूजीएस ८४, पृथ्वीच्या आकाराची ही दोन वेगळी मापं रूपांतर न करता एकावर एक ठेवा. शंभरेक मीटरचा फरक पडतो. शाळेसाठी राखलेल्या जागेचं आरक्षण अलगद शेजारच्या गटात जातं, नकाशा मात्र नकाशासारखाच दिसतो. शंभर मीटर हे फार सोयीचं अंतर आहे. एक मालक सुटायला पुरतं आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

मग नगररचना कायद्याच्या कलम २५ प्रमाणे विद्यमान भूवापर नकाशा, म्हणजे कुठल्या जमिनीवर आज काय आहे त्याचा. चित्र मे महिन्यातलं मागवा. मे महिन्यात ओढा कोरडा असतो, वरून पाहिलं तर मातीचा रस्ताच. वर्गीकरण करणाऱ्या पोराने तो रस्ता म्हणून भरला की पुढे रुंदीकरण दाखवणं ओघानेच येतं. केंद्राच्या अमृत योजनेखालच्या आराखड्यांना १:४,००० चं प्रमाण सांगितलं आहे, ते पाळा. कुठल्या तारखेचं चित्र घ्यावं, हे तुमच्या सोयीचं.

डोंगरापाशी जरा थांबू, इथे कौशल्याला वाव आहे. नियम असा की १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही. आता उतार मोजतात उंचीच्या मॉडेलवरून, आणि मॉडेलमध्ये प्रत्येक चौकटीला एकच उंची असते. ड्रोनचं एक मीटर चौकटीचं मॉडेल घेतलंत तर घळ न् घळ दिसेल, आणि मग जागामालक तुमच्या दारात. फुकटात मिळणारं ९० मीटरचं घ्या. समजा टेकडीची कड ८० मीटरांत २० मीटर चढते, म्हणजे १:४, बांधकामाला बंदी. पण उतार काढताना सॉफ्टवेअर मधल्या चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या चौकटी धरतं. तोच २० मीटरचा चढ १८० मीटरवर पसरतो आणि १:९ चा माळ तयार होतो. बुलडोझर नको, डंपर नको, परवानगी नको. पावसाळ्यात ती कड खाली आली तर ती नैसर्गिक आपत्ती; नकाशात तिथे उतारच नव्हता.

पूररेषांचंही असंच. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. जलसंपदाकडून त्या छापील नकाशावर येतील. वरचेच तीन बिंदू वापरून बसवा. १:१०,००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५ मीटर जाड असते. इमारत रेघेच्या आत की बाहेर, हे रेघेची कुठली कड धरली यावर ठरवता येतं.

पुढच्या लोकसंख्येच्या अंदाजासाठी २०११ ची जनगणना. आरक्षणं कमी हवीत त्या प्रकरणात अंकगणिती पद्धत (दर दशकात सारखीच भर, म्हणून आकडा लहान), एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते प्रमाण, वाढवायचा त्या प्रकरणात भूमितीय (टक्क्याने वाढ, म्हणून आकडा मोठा). दोन प्रकरणं सलग वाचणारा माणूस विरळा.

आता प्रसिद्धी. मुंबईने केलं ते करू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथला प्रारूप आराखडा लोकांसमोर आला, लोकांनी त्यात आपापली गल्ली शोधली, उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि गायब झालेल्या वारसा वास्तू मोजल्या, आणि एप्रिलमध्ये सरकारला दुरुस्तीचे आदेश द्यावे लागले. मंजुरी मिळेपर्यंत २०१८ उजाडलं. नकाशा वाचता आला की असं होतं.

म्हणून कलम २६ खाली प्रसिद्ध करताना नकाशा आधी छापा, मग त्या छापील कागदाचं स्कॅन काढा आणि त्याची पीडीएफ चढवा. गट क्रमांकांच्या मुंग्या होतात. कुणी माहितीच्या अधिकारात मूळ शेपफाइल (जीआयएसची डेटाफाइल) मागितलीच तर ती द्या, पण डेटा मराठीत भरून. त्या फाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि युनिकोडमधलं देवनागरी अक्षर तीन खातं, त्यामुळे ‘आरक्षण’चं ‘आरक’ होतं. अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल द्यायची विसरलात तर आतला मजकूरही अगम्य चिन्हांत उघडतो. पारदर्शकता पाळली गेली, कुणाला काही कळलंही नाही.

राहिली सुनावणी. एखादा शेतकरी मोजणीची ‘क’ प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढेल आणि म्हणेल, “साहेब, बारा मीटरचा रस्ता आमच्या विहिरीतनं गेलाय.” वाद घालू नका. लॅपटॉप त्याच्याकडे वळवा, खुर्ची द्या. तो सांगेल तिथे झूम करा. विहीर दिसेल, तिचं पाणीही चमकताना दिसेल आणि रेघ बरोबर मधून गेलेली. इथे गडबडून जायचं नाही. शांतपणे माउसचं चाक उलटं फिरवायचं, १:१०,००० येईपर्यंत, आणि विचारायचं, “काका, कुठे आहे विहीर? दाखवा बरं.”